भोक नसलेल्या कुंड्या

झाड घरात ठेवतात हे मला लग्नानंतर कळलं. माझ्या माहेरी, मूल नावाच्या गावाजवळच्या धानाच्या खेड्यात, झाड घरात यायचं ते सरपण होऊनच. नाहीतर भिंतीत पिंपळ उगवायचा, आणि तो उगवला की म्हातारी माणसं घर सोडायच्या गोष्टी करायची. म्हणून आमच्या ह्यांनी पहिल्यांदा सांगितलं, की आपण साहेबाच्या बंगल्यात घरातली झाडं सांभाळतो, तेव्हा मला वाटलं, नवी नवरी बघून हा माणूस थट्टा करतो आहे.

"फळ काय येते त्याले?" मी विचारलं.

"काही नाई."

"फूल?"

"एखाद्याले येते. वास नाई राहत."

"मग ठेवतेत कशाले?"

"पाहाले," म्हणाले.

पुढे त्या धंद्यात माझी अर्धी हयात गेली, पण याच्याहून चांगलं उत्तर मला काही सापडलं नाही.

हे सिरोंच्याकडचे. गोदावरीकाठी मासे धरणाऱ्या घरात वाढलेले, घरात अर्धी बोली तेलुगू. फांद्या कापताना "ओकटी, रेंडू, मूडू" असे मोजायचे. चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, एका मोठ्या साहेबाच्या बंगल्यावर माळी म्हणून लागले आणि त्या साहेबाच्या बाईने ह्यांना कलमं करायला शिकवलं. हात असा, की वाळकी काडी खोचली तरी तिला पान फुटावं. बोलणं मात्र मोजून. कशालाच "नको" म्हणायचे नाहीत. भाजीत मीठ जास्त झालं तरी मुकाट्याने जेवून पाणी प्यायचे आणि उठायचे, मग मी जेवायला बसले की मला कळायचं. मी तापट, तोंडाची फटकळ. आमच्या घरात प्रश्नही मीच विचारायची आणि उत्तरंही मीच द्यायची. लोक म्हणत, जोडा जमला. मलाही तसंच वाटायचं.

बंगल्यातल्या छाटलेल्या फांद्या ह्यांना फेकवत नसत. त्या घरी आणून लावल्या. आमच्या घरामागे झरपट नदीकडे उतरती पडीक जागा होती. तिथे बांबूचा मांडव घातला, वर पळसाची पानं टाकली, आणि सावलीत रांगा लागल्या: क्रोटन, कोलियस, ताडाची पिल्लं, ओढ्याच्या काठावरून आणलेले नेचे. दोन-तीन वर्षांत सिव्हिल लाइनीतल्या सात-आठ बंगल्यांत आमच्या कुंड्या जायला लागल्या. आम्ही झाडं विकत नव्हतो, पाळीने देत होतो. साहेबाच्या अंधाऱ्या दिवाणखान्यात झाड पंधरा दिवसांत पांढरं पडतं. मग हे कावडीत दोन कुंड्या घालून जायचे, ताज्या ठेवून थकलेल्या परत आणायचे. परत आलेल्या कुंड्यांकडे मी बघायची. त्यांना सावलीत बसवायचं, पानं पुसायची, पाणी द्यायचं. आमच्याकडे त्याला माहेरपण म्हणत. "आज कलेक्टराकडच्या दोघी माहेरी आल्या," असं मी शेजारणीला सांगायची आणि ती माझ्याकडे विचित्र नजरेने बघायची.

कुंडीत घालायला बांबूच्या रांजीखालचा, म्हणजे बेटाखालचा, कुजलेला पाचोळा लागायचा. आधी जंगल मालगुजाराचं, म्हणजे गावच्या जमीनदाराचं होतं, पाचोळ्याला कोणी विचारत नव्हतं. मग मालगुजारी गेली, जंगल सरकारचं झालं आणि नाक्यावरचा गार्ड पोतं उघडून बघायला लागला. "हा पाला कोणाचा?" म्हणे. आता पाला कोणाचा असतो? झाडाचा. पण तसं म्हटलं तर तो चिडायचा, आणि मी तसंच म्हणायची. शेवटी हे नमस्कार करून, विड्या देऊन पोतं सोडवून आणायचे. त्या काळात रोज काहीतरी कोणाचं तरी होत होतं आणि आम्हाला मागाहून कळत होतं.

एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. ह्यांना खाली उतरायची भीती होती. नदीत वाटेल तिथे बुडी मारणारा माणूस, पण विहीर उपसायला गल्लीतले सगळे गडी उतरले तरी हे काठावरच. "खाली उतरलो का वरचा उजेड लहान होते," म्हणायचे, "छाती धरते." ह्यांचा एक चुलतभाऊ घुग्घुसच्या कोळशाच्या खाणीत होता. तो दर दिवाळीला यायचा आणि खाणीत चला म्हणून मागे लागायचा. तो गेल्यावर ह्यांना दोन दिवस जेवण जात नसे. आम्हाला मूलबाळ नव्हतं, शेत नव्हतं. झाडं चालली तर हे वर राहणार, झाडं बसली तर खाणीत जाणार, असा सरळ मामला होता. मी मनात धरून ठेवलं होतं, की माझा माणूस खाली जाणार नाही.

मग छप्पन साली राज्य बदललं. आम्ही मध्यप्रदेशात होतो ते एका दिवसात मुंबई राज्यात गेलो. गेलो म्हणजे काय, जागचे हललो नाही. तीच नदी, तोच किल्ला, तीच जटपुऱ्याची वेस. मी ह्यांना विचारलं, "आपण मुंबईत गेलो का मुंबई इथी आली?"

"साहेब भोपाळले चालले," हे म्हणाले.

मला आधी त्याचा अर्थच लागला नाही. राज्य बदललं तर साहेब कशाला जातात? पण जायला लागले. हिंदी बोलणारे अधिकारी तिकडे निघाले, त्यांच्या जागी कोण येणार ते कोणाला माहीत नव्हतं. नागपूरची राजधानी गेली, म्हणून आता बदल्याच होणार नाहीत, असं एक म्हणायचा. दुसरा म्हणायचा, मुंबईहून साहेब येतील आणि ते समुद्राकाठचे, त्यांना आपल्याकडची झाडं आवडणार नाहीत. कचेरीतला शिपाई, ज्याला सगळं माहीत असायचं, तोसुद्धा हात हलवून दाखवायचा. महिनाभरात बंगले रिकामे झाले आणि आमच्या सगळ्या कुंड्या एकदम माहेरी आल्या. मांडवात पाय ठेवायला जागा उरली नाही. जायला सासर नव्हतं.

हे तरीही रोज सकाळी बंगल्यावर जायचे. कुलूप लागलेल्या बंगल्याचं अंगण झाडायचे, गुलाबाला पाणी घालायचे आणि परत यायचे. मी विचारलं, "कोणी सांगितलं तुमाले?" म्हणाले, "कोणी नाई सांगितलं नको करू म्हून." मी कपाळावर हात मारून घेतला.

त्या वर्षी चुलतभाऊ दिवाळी उलटून गेल्यावर आला. अंगणात बसून म्हणाला, "दादा, चाल आता. साहेबलोकाईचं काई खरं नाई. कोळसा कुठी जात नाई." हे खाली मान घालून सुपारी कातरत होते. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि सांगितलं, "हे नाई जाणार. मी पाहून घेईन." काय पाहून घेणार होते ते मला तेव्हा अजिबात माहीत नव्हतं. ह्यांनी वर पाहिलं, आणि ती नजर मला फार बरी वाटली. आपण कोणीतरी आहोत असं वाटलं.

वाट निघाली ती खुर्च्यांमुळे. साहेब जाताना जड सामान विकून गेले, ते गावातल्या पैसेवाल्या लोकांनी घेतलं. त्यांतल्या एका वकिलांनी वेताच्या चार खुर्च्या घेतल्या आणि ओसरीवर मांडल्या. पण मांडल्यावर त्यांना वाटलं, बंगल्यावर होत्या तशा त्या दिसत नाहीत. काहीतरी कमी आहे. मी त्या दिवशी त्यांच्याकडे पापड लाटायला गेले होते. मी म्हटलं, "वकीलसाहेब, बंगल्यावर दोन्ही बाजूले ताड होते नं कुंडीतले." वकील एकदम ताठ बसले. दुसऱ्या दिवशी आमच्या दोन कुंड्या त्यांच्या ओसरीवर. तिसऱ्या दिवशी कापडदुकानदाराला हव्या, मग लाकडाच्या ठेकेदाराला. ज्याच्याकडे खुर्ची त्याच्याकडे कुंडी. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "पाहा! मुंबई-भोपाळ गेलं खड्ड्यात."

आठवडाभराने वकिलाकडून माणूस धावत आला. ताबडतोब या. गेले तर ओसरीवर वकिलाची म्हातारी आई छाती पिटत उभी. ताडाच्या कुंडीला सकाळी पाणी घातलेलं, आणि तळच्या भोकातून ते थेंब थेंब गळून सारवलेल्या ओसरीवर ओघळ गेला होता.

"अवं माय, जित्या माणसाच्या घरात हे मडकं गळून राह्यलं!" म्हातारी ओरडली. "काऊन आणलं हे? कोणाच्या नावाचं आणलं?"

मला क्षणभर काही उमगेना. मग उमगलं. स्मशानात मुलगा पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन सरणाभोवती फिरतो. त्या मडक्याला दगडाने भोक पाडतात आणि पाणी गळत राहतं. मातीचं, भोकाचं, गळतं मडकं आमच्याकडे फक्त त्याच एका कामाचं. मी इतकी वर्षं कुंड्या हाताळल्या, पण त्या साहेबाच्या घरी जायच्या. साहेबाच्या घरात काहीही चालायचं. आपल्या माणसाच्या ओसरीवर ते ठेवलं की काय दिसतं, हे मला सुचलंच नव्हतं. वकील बिचारे एकदा आईकडे बघत, एकदा खुर्च्यांकडे. शिकलेला माणूस, पण आईपुढे काय बोलणार? संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली आणि एकेक कुंडी घराबाहेर निघाली. ठेकेदाराच्या बायकोने तर आपली कुंडी काठीने ढकलत वेशीपर्यंत नेली.

मी दोन दिवस धुमसत होते. म्हातारीवर रागावू तर ती बोलली ते खोटं नव्हतं. मलाही आता मांडवात गेलं की कुंड्यांच्या बुडाकडे बघवेना. आणि तिसऱ्या दिवशी मला सुचलं. भोकामुळे अडलं ना? मग भोक नको.

याला माझ्याकडे पुरावाही होता. साहेबाच्या बंगल्यात निळ्या काचेच्या बाटलीत एक वेल होती. नुसत्या पाण्यात वर्षानुवर्षं वाढत खिडकीवर चढली होती. बाटलीला कुठे भोक असतं? आणि आमच्या धानाच्या बांधीत पाणी तुंबूनच तर पीक येतं. मी कुंभाराकडे गेले. म्हटलं, "भाऊ, बिनभोकाच्या कुंड्या पायजे. पाच कोडी, पुऱ्या शंभर."

कुंभार चाक थांबवून माझ्याकडे बघत राहिला. "बाई, तुमच्या घरच्याईले इचारलं का?"

"त्याईले काय इचारायचं? मी सांगून राह्यली नं!"

तरी पहिली कुंडी भाजून आली तेव्हा मी ती ह्यांच्यासमोर ठेवली. सगळं समजावून सांगितलं, बाटली, धान, तळाशी खापऱ्या आणि वाळू घालू, पाणी बेतानं द्यायला सांगू. ह्यांनी कुंडी उचलली. आत पाहिलं, उलटी करून बूड पाहिलं, बोटाने वाजवली. बराच वेळ. मग हळूच खाली ठेवली.

"पाह्य," म्हणाले. "तुले पटते तं."

मला पटत होतंच. मी पदर खोचून कामाला लागले.

अहो, काय गेल्या त्या कुंड्या! वकिलाच्या आईने बूड चाचपून पाहिलं, पाणी ओतून पाहिलं, एक थेंब बाहेर आला नाही तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. तिने कुंडीला हळदीकुंकू लावलं. भरलेलं, न गळणारं मडकं म्हणजे कलशच की. ज्यांच्याकडे खुर्च्या नव्हत्या त्यांनीही कुंड्या मागितल्या. मारवाड्याच्या पेढीवर, मास्तरांच्या घरी, देवळाच्या सभामंडपातसुद्धा आमचे क्रोटन बसले. साहेबाच्या जमान्यात जेवढ्या कुंड्या गेल्या नव्हत्या तेवढ्या एका हिवाळ्यात गेल्या. मला आभाळ ठेंगणं झालं होतं. ह्यांच्याकडे मात्र मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काही दिसलं असतं का, ते आता कसं सांगू?

कलश झाला म्हणजे त्याचं सगळं तसंच होणार. घरोघरी बायका आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालायच्या आणि मग कुंडीला. तांब्याभर, हात जोडून, रोज. घरात चार सुना असल्या तर चार तांबे. "बेतानं घाला" हे सांगायला मी दारोदार हिंडले, पण देवाला बेतानं कोण घालतं? माघ संपेपर्यंत क्रोटनची पानं गळायला लागली. ताडाचे शेंडे काळे पडले. एक दिवस मास्तरांच्या बायकोने झाड धरून सरळ करायला पाहिलं तर ते तिच्या हातात आलं, खाली मुळं नव्हतीच, नुसता काळा लगदा आणि मेलेल्या उंदरासारखा वास.

मग सगळीकडे एकदम वास सुटला. गळतं मडकं अशुभ, पण घरात कलश नासणं त्याहून अशुभ. कोणी भांडायला आलं नाही, हे जास्त लागलं. कुंड्या आमच्या दारात आणून ठेवायचे आणि न बोलता जायचे. माझ्या मांडवातली मूळ झाडंही मी लोभाने त्याच कुंड्यांत हलवली होती. तीही गेली. मी एकेक कुंडी उपडी करत होते आणि हे शेजारी बसून लगद्यात हात घालून जिवंत मूळ आहे का ते चाचपत होते. "ओकटी," म्हणाले एकदा. पुढे मोजावं लागलं नाही.

गुढीपाडवा झाला आणि हे घुग्घुसला गेले. मी अडवलं नाही. कोणत्या तोंडाने अडवणार? जाताना म्हणाले, "जाऊन पाहतो." मी दाराआड उभी राहून रडले. मला स्वतःचा इतका राग आला होता, की स्वतःला दोन चापट्या मारून घेतल्या, खरंच मारल्या.

त्यानंतरचं वर्ष-दीड वर्ष मला सलग आठवत नाही. हे सुट्टीला यायचे, नखांत कोळसा, डोळ्यांच्या कडा काळ्या. जेवायचे आणि झोपायचे. खाली कसं असतं, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. घर चालायला पुरेसं यायचं, आणि ते हातात घेताना मला दर वेळी विहिरीचा काठ दिसायचा. मी धुणीभांडी करत होते आणि मांडव मोडून सरपणाला लावायच्या विचारात होते. एक दिवस बाजारात बुरडिणीकडे टोपली घेत होते. तिच्या ओल्या टोपलीतून पाणी गळत होतं आणि त्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं. टोपली गळतेच. टोपली घेऊन कोणी स्मशानात फिरत नाही. मी तिथेच रस्त्यात अशी उभी राहिले, की लोक म्हणाले, "बाई, सरका नं."

ओढ्यावरून नेचे आणले. टोपलीला आतून पळसाची पानं लावली, पाचोळ्याची माती भरली, खाली मातीचं ताट. पाणी घातलं, गळलं, ताटात साचलं. ताट उचलून ओतून द्यायचं. वकिलाच्या आईकडे पहिली टोपली नेली, म्हातारीने नाक मुरडलं, पण ठेवून घेतली. नेचा जगला. तेवढ्यात मुंबईकडचे साहेब येऊन बंगले पुन्हा भरले होते आणि त्यांच्या बायकांना टोपल्या फारच आवडल्या. का आवडल्या ते मी विचारलं नाही. माणसाला काय आवडेल याचा विचार करणं मी सोडून दिलं होतं. पण दोन पोटं भरतील एवढं जमलं, याची मला पक्की खात्री झाली, आणि एका सकाळी एक टोपली पदराखाली घेऊन मी घुग्घुसच्या मोटारीत बसले. ह्यांना परत आणायला.

मजुरांच्या खोल्यांच्या रांगेत मी दारात बसून राहिले. दुपारी पाळी सुटली. काळी माणसं आली, सगळी सारखी, त्यात हे कोणते ते मला ओळखता येईना. एकजण नळावर थांबला, तोंड धुतलं, आणि ते हे निघाले.

"काय झालं?" घाबरून म्हणाले.

"काई नाई झालं. चाला घरी." मी टोपली पुढे केली. सगळं सांगितलं. साहेब, बाया, किती बंगले, किती टोपल्या. हे ओलं तोंड तसंच घेऊन ऐकत होते.

"तुमाले अजून भेव वाटते का, खाली?"

"वाटते नं," हे म्हणाले. "रोज वाटते."

मग माझ्या तोंडातून ते निघून गेलं. इतके महिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं. "अजी, तुमी माळी. त्या कुंड्या सडतीन हे तुमाले माईत नव्हतं?"

नळाचं पाणी वाहत होतं, ते त्यांनी वाकून बंद केलं.

"होतं," म्हणाले. "पयल्याच दिवशी."

"मग बोलले काऊन नाई?"

"तू इतकी हिंमत करून राह्यली होती. मी खाणीत जाऊ नाई म्हून. मी सांगितलं असतं तं तुह्यं मन मोडलं असतं." मग म्हणाले, "म्हणलं, झाडं मोडतीन तं मोडू दे. मी जाईन खाली."

मला आधी काहीच वाटलं नाही. मग राग आला. एका वाक्यासाठी! "हे चालत नाई" एवढं म्हणायचं होतं माझ्या तोंडावर, आणि त्याच्याऐवजी हा माणूस दीड वर्ष रोज त्या भोकात उतरत होता, छाती धरत असताना. ही माया होती की भित्रेपणा? का मी अशी होते, की माझ्यापेक्षा खाण सोपी वाटावी? तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात हे तीनही फिरत होतं आणि एकही धरवत नव्हतं.

"येता का नाई घरी?" मी विचारलं.

"तू म्हणशीन तसं."

"मी म्हणीन तसं नाई!" मी इतकी ओरडले, की रांगेतल्या बाया दारात आल्या. "मी म्हणीन तसं केलं म्हूनच हे झालं. ही टोपली पाह्या. काय चुकलं याच्यात, सांगा."

"काई नाई. चांगली हाये."

"सांगा!"

ह्यांनी टोपली घेतली. नेच्याच्या बुडाशी बोट घातलं, काळ्या नखाने माती जरा उकरली. "खोल लावलं," म्हणाले, इतकं हळू की मला वाकावं लागलं. "गळा बुजला त्याचा." माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लगेच म्हणाले, "पण तसं बी चालते."

"चालते?"

बाया बघत होत्या. ह्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा खाणीच्या तोंडाकडे. टोपली छातीशी धरून उभे होते. घाबरलेला माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि तो मला घाबरला होता.

"नाई चालत," हे म्हणाले. मग मोठा श्वास घेतला आणि लग्नानंतर पहिल्यांदा, मी न विचारता, स्वतःचं ठरवून एक वाक्य बोलले. "अन् मी उद्यापासून खाली नाई उतरत."

मी एवढ्यासाठीच आले होते. घरून निघाल्यापासून हेच ऐकायचं होतं. आणि मला काय झालं कोण जाणे, पुन्हा बंगले रिकामे होतील, पुन्हा पानं गळतील, असं सगळं एकदम डोक्यात आलं, आणि त्यांच्या हातातली टोपली धरून मीच म्हणाले, "अजी, खाण अशी एकदम कशी सोडता?"